आषाढात तुकडे, पौषात टाके

गोधडी शिवावी असं बहुतेकांना दिवाळीनंतरच्या पहिल्या थंडीत वाटतं. जुन्या साड्या कपाटातून निघतात, दोऱ्याची रिळं येतात, थोडे दिवस उत्साहात जातात आणि संक्रांत उलटली की ते सगळं गाठोडं अर्धवट माळ्यावर जाऊन पडतं. यात आळसाचा भाग फार नसतो. कापड निवडणं, धुणं, कापणं, जोडणं, थर मांडणं, टाचणं, टाके घालणं, गोट लावणं ही सगळी कामं एका हिवाळ्यात कोंबली तर त्यातलं एकही मनासारखं होत नाही. छंद म्हणून गोधडी करायची असेल तर तिला एक वर्ष द्यावं. पावसाळा, ऑक्टोबरचं ऊन, हिवाळा आणि उन्हाळा हे आपल्याकडे इतके वेगवेगळे आहेत, की या प्रत्येक कामाला सोयीचा ऋतू सापडतो आणि कोणतंच काम ओझं होत नाही.

खेड्यापाड्यांत मोठ्या गोधड्या शिवण्याचा काळ उन्हाळा. शेतं मोकळी असतात, हाताला उसंत असते, आणि अंगणात लुगडी पसरली तर पावसाची भीती नसते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला अंगण नाही, आणि मे महिन्यात मांडीवर जाड गोधडी घेऊन बसवतही नाही. म्हणून शहरातल्या घरासाठी मी वेगळा क्रम सुचवते. आषाढ-श्रावणात तुकडे जोडायचे. नवरात्राच्या आगेमागे थर मांडून टाचायचे. मार्गशीर्ष-पौषात टाके घालायचे. उन्हाळ्यात धुणं, वाळवणं आणि पुढच्या वर्षीचं कापड जमवणं.

पण कापडाचं आधी बोलू, कारण गोधडीचं पुढचं सगळं आयुष्य तिथेच ठरतं.

सुरुवात करण्यासाठी दुकानात जाऊ नका. आपल्या घरात, आईच्या किंवा सासूबाईंच्या कपाटात जे वापरून मऊ झालेलं सुती कापड आहे ते नव्या कापडापेक्षा चांगलं. ते जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याची खळ निघून गेलेली असते आणि सुई त्यातून सहज जाते. रोजच्या नेसण्यातल्या बारीक काठाच्या सुती साड्या, धोतरं, पंचे, जुने कुडते, पलंगपोस हे सगळं चालतं. नवं कापड घ्यायचंच असेल तर कापण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर ते गोधडीत बसल्यावर आटतं आणि आजूबाजूचे तुकडे ओढून घेतं.

सुती म्हणून हाती आलेलं कापड खरंच सुती आहे का, हे पाहायची सोपी रीत आहे. दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याजवळ, पेटवा. सुताला जळलेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाशी कडक मणी धरतो. जॉर्जेट, शिफॉन आणि तत्सम कापडं दिसायला मोहक असली तरी गोधडीत घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि शेजारचं सुती कापड विरलं तरी स्वतः तशीच राहतात, त्यामुळे गोधडी जागोजागी फाटते.

रंग जातो का तेही आधीच पाहा. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा, मग त्या फडक्यावर ठेवून गरम इस्त्री फिरवा. लाल, गडद निळा आणि काळा या रंगांच्या बाबतीत ही परीक्षा टाळू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. असं कापड धूत राहावं. पाणी स्वच्छ निघू लागलं तर घ्यावं, नाहीतर बाजूला ठेवावं.

मग वाटणी. कापड खिडकीसमोर उजेडात धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. जे टिकलं ते वरच्या थराला. जे विरलंय, पण फाटलेलं नाही, ते आतल्या थरांना. जाड काठ मात्र उसवून किंवा कापून वेगळे काढा. त्यांची वीण घट्ट असते, धुतल्यावर ते साडीच्या अंगापेक्षा वेगळे ओढले जातात आणि थराला सुरकुती पडते. हेच काठ पुढे गोटाला वापरले की गोधडीची कड वर्षानुवर्षं टिकते.

मापाचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, म्हणजे नंतर घोळ होत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. ती मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने जोडले तर सुमारे ९० बाय १०८ इंचांचं कापड होतं. दोघांच्या पलंगासाठी हा एक थर. हेच कापड १०८ इंचांच्या बाजूने निम्मं दुमडलं तर ५४ बाय ९० इंच होतं, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे दोन थर एकाच साडीत निघाले. दोन साड्यांत चार थर. मुंबई-कोकणातल्या हिवाळ्याला तेवढे पुष्कळ. नाशिक, पुणे, विदर्भातल्या थंडीसाठी आणखी एखादी साडी किंवा धोतर आत घाला. ऊब कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते, त्यामुळे एका जाड चादरीपेक्षा तीन पातळ थर जास्त कामाचे.

आता पावसाळा. हवेत दमटपणा असताना थर एकमेकांवर टाचून ठेवू नयेत. आतला ओलावा निघत नाही आणि बुरशीचा वास धरतो. तुकडे जोडायला मात्र हा काळ उत्तम. काम हातात मावणारं असतं, पसारा पडत नाही, आणि बाहेर पाऊस लागलेला असताना रोज दहा-बारा चौकोन जोडले तरी महिन्याभरात बऱ्यापैकी मोठा पृष्ठभाग तयार होतो.

पहिल्यांदा करणाऱ्याने साध्या चौकोनांचं दुपटं करावं. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा ५ इंचांचा चौकोन कापा आणि तो कापडावर ठेवून पेन्सिलीने आखा. असे ८० चौकोन लागतील. सगळ्या बाजूंनी शिलाईसाठी पाव इंच सोडला की प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो. आठ चौकोनांची एक ओळ, अशा दहा ओळी जोडल्या की ३६ बाय ४५ इंचांचं दुपटं झालं. आधी ओळी करा, मग ओळी एकमेकींना जोडा. एका ओळीच्या शिलाया डावीकडे इस्त्री करा, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्यावर या शिलाया एकमेकींत अडकून बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. ही एक गोष्ट सांभाळली तर नवख्या हाताचं कामही सफाईदार दिसतं.

चौकोन मांडताना रंगांची फार चिंता करू नका. सगळे तुकडे जमिनीवर पसरा, गडद आणि फिके एकाआड एक ठेवा, आणि डोळे बारीक करून दुरून पाहा. जिथे दोन गडद तुकडे शेजारी आले असतील तिथे काळोखाचं डबकं दिसेल; तेवढेच बदला. बाकीची सरमिसळ राहू द्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी घरच्यांच्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून, वेड्यावाकड्या पट्ट्यांतून शिवलेली पांघरुणं २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यू यॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडली गेली. त्यांच्यातला एकही चौकोन काटकोनात नसला तरी त्यांचं काही बिघडत नाही, उलट नजर तिथेच खिळून राहते.

पावसाळ्यातली एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. टाचण्या किंवा सेफ्टी पिना कापडात टोचून दिवसेंदिवस ठेवू नका. दमट हवेत त्या गंजतात आणि तो डाग पुन्हा निघत नाही. काम थांबवताना पिना काढा, तुकड्यांवर गरम इस्त्री फिरवून ते सुती पिशवीत ठेवा.

श्रावणात हात बसला की गौरी-गणपतीसाठी चौरंगावरचं आसन करायला घ्यावं. दोन फूट बाय दोन फुटांचं काम, खणाच्या उरलेल्या तुकड्यांना यापेक्षा चांगली जागा नाही. यात त्रिकोण वापरून पाहा. वेगळ्या रंगांचे ५ इंचांचे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन रंगांचे दोन चौकोन हातात येतात. ते साडेचार इंचांना सारखे करून घ्या. जोडल्यावर चार इंचांचे राहतील. असे ३६ चौकोन सहा बाय सहा मांडले की बरोबर २४ इंच. त्याच त्रिकोणांतून चक्र, बाण, पतंग अशा कितीतरी नक्ष्या निघतात, आणि त्या फिरवून फिरवून पाहण्यात एखादी संध्याकाळ कशी जाते कळत नाही. खणात रेशीम किंवा कृत्रिम धागा असेल तर इस्त्री मंद ठेवा आणि हे आसन इतर कपड्यांबरोबर धुवू नका.

घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुण्याची आपली रीत आहे. पावसाळ्याचा दमटपणा त्या उन्हात निघून जातो. जुनी गोधडी धुताना पाणी थंड किंवा कोमट घ्या, साबण कमी वापरा आणि पिळू नका; ओली गोधडी फार जड होते आणि पिळल्याने टाके तुटतात. नुसती दाबून पाणी काढा. एका दोरीवर लटकवली तर सगळा भार मधल्या घडीवर येतो, म्हणून दोन समांतर दोऱ्यांवर पसरा किंवा गच्चीवर स्वच्छ चादर घालून तिच्यावर आडवी टाका, आणि दुपारी उलटा.

याच कोरड्या उन्हात नवी गोधडी मांडायची. या कामाला घरातलं आणखी एक माणूस हाताशी हवं. सोफा, टीपॉय बाजूला सारून लादी पुसून घ्या. तळाचं कापड सुलट बाजू खाली ठेवून पसरा आणि चारी कोपऱ्यांवर वरवंटा, भरलेले डबे असं काहीतरी जड ठेवा. तळाचा थर बाकीच्यांपेक्षा चारी बाजूंनी तीन बोटं मोठा ठेवलेला बरा. त्यावर एकेक थर टाका. प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे हाताने सारवल्यासारखा पसरत न्या. सुरकुती इथे राहिली तर ती कायमची राहिली. सगळ्यांत वर जोडलेले चौकोन. मग मोठ्या सुईने, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके. आधी मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ, मग तिथून बाहेर, वीतभर अंतराने. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. कच्चे टाके दाट असतील तर पुढे दोन महिने गोधडी कुठेही न्या, घडी घाला, प्रवासात काढा, थर जागचे हलत नाहीत.

कापसाची दुलई करायची असेल तर पिंजून घेतलेला सुटा कापूस धुण्यात गोळा होतो, म्हणून तिला टाके जवळ जवळ हवेत. दुकानात तयार पत्र्यासारखा पसरलेला कापूस मिळतो. तो वापरला तर ओळींत जास्त अंतर चालतं. नुसत्या साड्यांच्या गोधडीला यातलं काहीच लागत नाही.

आणि मग थंडी. माझ्या मते या छंदातलं सगळं सुख इथे साठलेलं आहे. गोधडी मांडीवर असते, पाय तिच्याखाली असतात, आणि हातातलं कामच ऊब देत असतं. टाका एकच, धावदोरा. सुई कापडाच्या वर-खाली नेत एका वेळी तीन-चार टाके सुईवर घ्या आणि मग दोरा ओढा. जाड गोधडीला एका इंचात तीन-चार टाके पुरतात. टाके लहान असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं, आणि ते हात रुळेल तसे सारखे होत जातात. पहिल्या ओळी उसवू नका, त्या तशाच राहू द्या.

दोरा जाड, सुती आणि हातभरच घ्या. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही. तो गुंततो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो. गाठ मागच्या बाजूला दिसू द्यायची नसेल तर सुई नुसत्या वरच्या थरातून आत घाला, अर्ध्या इंचावर बाहेर काढा आणि दोरा हलक्या झटक्याने ओढा. गाठ आत शिरून बसते. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. चार-पाच थरांतून सुई ढकलताना बोटाचं टोक आठवड्यात सोलवटतं.

बसण्याकडेही लक्ष द्या. पाठीला भिंतीचा आधार, डाव्या बाजूने उजेड, आणि अर्ध्या तासाने उठून खांदे मोकळे करणं. डावखुऱ्यांनी उजेड उजवीकडून घ्यावा.

ओळींची दिशा तुमची. सरळ समांतर ओळी बोटभर अंतराने घातल्या की गोधडीवर छान लाटा उठतात. दुसरी एक रीत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांकडून शिकण्यासारखी आहे. आफ्रिकेतून आणलेल्या आणि गोव्यातून व इतर मार्गांनी घाटावरच्या जंगलात येऊन राहिलेल्या लोकांचा हा समाज. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्यात चौकोन आधी जोडून घेत नाहीत. तळाच्या साडीच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात होते, तुकड्याची कड दुमडून तो थेट धावदोऱ्याने बसवायचा, पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवायचा, आणि असं कडेने फिरत फिरत मध्याकडे यायचं. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. मोठी जागा नसलेल्या घरात ही पद्धत फार सोयीची, कारण शिवणयंत्र लागत नाही आणि शेवटी गोटही लावावा लागत नाही.

यंत्रावर शिवायला हरकत काहीच नाही. १६ नंबरची सुई घाला, टाका ३ मिलिमीटरपर्यंत मोठा करा आणि तीन थरांच्या पुढे घरगुती यंत्राला ओढाताण करायला लावू नका. तुकडे जोडणं यंत्रावर आणि वरचे टाके हाताने, ही वाटणी मला सगळ्यांत समाधानाची वाटते. हाताच्या टाक्यांची गोधडी अंगावर जशी मऊ पडते तशी यंत्राची पडत नाही.

मोठ्या कामाच्या मध्येच संक्रांत येते, आणि ती या छंदासाठी सुंदर निमित्त आहे. घरात लहान मूल असेल तर बोरन्हाणाला त्याला बसवायला काळ्या कापडाचं दुपटं करा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे धावदोरे. हलव्याच्या दागिन्यांशेजारी ते खुलून दिसतं. काळ्यावरचं काम मात्र दिवसाउजेडीच करायचं. बाळासाठी काही शिवताना बटणं, आरसे, टिकल्या, गोंडे लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा हे दुपटं खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला ठेवा. हळदीकुंकवाच्या वाणासाठी उरलेल्या तुकड्यांतून गरम भांडी धरायची फडकी किंवा चष्म्याची पिशवी होते. भांडी धरायच्या फडक्यात आत पॉलिस्टरचा एक धागाही असू नये. उष्णतेने तो वितळतो.

टाके संपले की गोट. कडा सरळ कापून घ्या. काठांच्या किंवा वेगळ्या कापडाच्या अडीच इंच रुंद पट्ट्या जोडून, लांबीत दुमडून, सुलट बाजूने कडेला शिवा आणि मागे वळवून हातशिलाई करा. कोपरे गोल असतील तरच उरेब पट्टी लागते, एरवी सरळ पट्टी पुरते. कच्चे टाके सगळ्यांत शेवटी काढा.

उन्हाळ्यात मांडीवर काही घेऊ नका. दोन जुनी धोतरं किंवा मलमलची साडी दुमडून पहाटेच्या गारव्यासाठी पातळ पांघरूण करायचं असेल तर त्याला वीतभर अंतराच्या थोड्या ओळी पुरतात आणि ते काही सकाळींत होतं. बाकी दिवस धुण्या-वाळवण्याचे. हिवाळाभर वापरलेली गोधडी चैत्रात धुवा, दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावर घडी घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, तिला हवा लागत नाही. जुन्या सुती साडीत गुंडाळा, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला छोट्या पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी मोडा, म्हणजे एकाच रेघेवर कापड झिजत नाही. याच सुट्टीत नातेवाइकांकडे जाणं होतं. कोणी जुन्या साड्या बोहारणीला द्यायला काढल्या असतील तर त्यातल्या सुती साड्या मागून घ्या, घरी आल्याबरोबर धुवा आणि गडद, फिके, आतले थर, काठ अशा चार पिशव्या करून ठेवा. पाऊस सुरू झाला की पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन थेट कापायला बसता येईल.